माझ्या नावाचे शेरे

३० सप्टेंबर २०२४, सोमवार

उद्या सत्र सुरू होतंय आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवायला मी एकटी उरले आहे. गेल्या वर्षी तिघी होतो. एक निवृत्त झाली. दुसरी जर्मनीला गेली, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालते आणि फोनवर सांगते की पाठ दुखते पण डोकं शांत आहे. विद्यार्थी शहाण्णव. प्रत्येकाने आठवड्याचे दोन दिवस रुग्णालयात काम करायचं आणि रविवारपर्यंत जर्नल लिहून पाठवायचं: वॉर्डात काय केलं, काय पाहिलं, मनात काय आलं. प्रत्येकी तीन पानं. त्यावर मी शेरे लिहायचे. एकोणीस वर्षं लिहिते आहे, लाल पेनने. या उन्हाळ्यापासून डाव्या डोळ्याला अक्षरं धुरकट दिसायला लागली आहेत.

आज डीन बोयाजिएव यांनी बोलावलं. माझ्यानंतर दहा वर्षांनी इथे लागलेला माणूस. त्यांनी स्वतः उठून कॉफी आणली तेव्हाच समजलं, काहीतरी गळ्यात पडणार.

"नवीन माणूस मिळणार नाही," ते म्हणाले. "पण शेरे लिहायला आपण एआय घेतोय. मुली जर्नल पाठवतील, ते वाचेल, शेरा लिहील, गुण देईल. तुम्ही नजर टाकायची आणि मंजूर करायचं."

"मुलीने आयुष्यात पहिल्यांदा मेलेल्या माणसाचे डोळे मिटले, त्याबद्दल ती लिहिणार. आणि ते यंत्र वाचणार?"

"वाचणार तुम्हीच, रुम्याना. ते फक्त मसुदा करणार."

मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मग दर आठवड्याला शहाण्णव जर्नलं तुम्ही कधी आणि कशी वाचता, ते मला एका कागदावर लिहून द्या.

मी काही लिहून दिलं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

संगणक विभागातला स्विलेन आला होता. पन्नाशीचा, मवाळ माणूस, खोलीत शिरताना दाराशी बूट काढतो. म्हणाला, "मॅडम, त्याला तुमच्यासारखं बोलायला शिकवायचंय. तुमचे जुने शेरे लागतील."

कपाटावर दोन खोकी होती. दोन दिवस तो पानापानाचे फोटो काढत बसला. मधूनच मी एखादं पान उचलून वाचत होते. "इथे तू घाईने पुढे गेलीस. आजोबांचा हात तुझ्या हातात होता. तो गार होता की गरम?" हे मी २००९ साली लिहिलं होतं. कोणाला, ते आठवत नाही. चांगलं लिहायचे मी.

घरी नवऱ्याला, स्तामेनला, सांगितलं. तो दुनाव नदीवर मालवाहू बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्या आवाजाने एक कान गेला आहे आणि दुसरा त्याला हवा तेव्हा चालतो.

"म्हणजे तुझी एक प्रत काढली," तो म्हणाला. "तिला भरल्या मिरच्या करता येतात का विचार."

२१ ऑक्टोबर, सोमवार

पहिला गठ्ठा. ठरवूनच बसले होते की चुका काढायच्या. शहाण्णवच्या शहाण्णव जर्नलं वाचली आणि यंत्राचे शेरेही. दोन दिवस गेले. काढायला फारशा चुका नाहीत. माझेच शब्द, माझीच वाक्यं, फक्त दमलेली नाहीत. एका मुलीने लिहिलं होतं की सलाईन लावताना हात थरथरला. त्यावर यंत्राने विचारलं होतं, "ती थरथर पेशंटने पाहिली का? पाहिली असेल तर तू त्यांना काय म्हणालीस?" मी नुसतं "सराव कर" लिहिलं असतं.

खाली प्रत्येक शेऱ्यावर नाव: तुझी, रुम्याना त्साचेवा.

डीनला विचारलं, मुलींना सांगायचं ना, की हे कोणी लिहिलं? ते म्हणाले, "मंजूर तुम्ही करता, म्हणजे ते तुमचंच झालं. उगाच त्यांचा विश्वास कशाला हलवायचा." मलाही ते पटलं. खरं तर बरं वाटलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज शहाण्णव शेरे पन्नास मिनिटांत मंजूर. आता अंदाज आला आहे. शेऱ्याची पहिली ओळ पाहिली की पुढचं कळतं.

एकच कटकट होती. काही जर्नलांपुढे यंत्र पिवळी खूण करायचं: "शिक्षिकेने स्वतः पाहावं." गेल्या आठवड्यात अशा चौतीस खुणा. एक मुलगी रडली, खूण. एकीला पेशंटने शिवी दिली, खूण. एकीने लिहिलं की मला ही नोकरी जमणार नाही, खूण. अगं, नोव्हेंबरात सगळ्यांना तसंच वाटतं. स्विलेनला म्हटलं, या बंद कर बाबा, डोळ्यांना त्रास होतो. तो म्हणाला, लेखी द्या. दिलं. लगेच पडदा स्वच्छ झाला.

मुलींना विचारणा झाली होती, शेरे कसे वाटतात म्हणून. एकाहत्तर जणींनी लिहिलं, "पूर्वीपेक्षा खूप आपुलकीचे." डीन खूश. मी दोन रविवार सलग मोकळी होते. स्तामेनबरोबर नदीकाठी चालून आले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ चारची. साडेतीनला कोट चढवत होते तेव्हा दारात बिल्याना द्रागोएवा उभी. ठेंगणी, केस घट्ट बांधणारी, वर्गात दुसऱ्या बाकावर बसते आणि फारसं बोलत नाही. तिच्या अंगावर अजून वॉर्डातला निळा गणवेश होता.

"मॅडम, पाच मिनिटं होती का?"

"आत्ता नाही गं. डोळे दाखवायला जातेय. काय झालं?"

"वॉर्डातलं आहे. मेडिसिनच्या."

"जर्नलमध्ये लिही ना. तिथे नीट मांडता येतं. मी सगळं वाचते, तुला माहीत आहे."

ती म्हणाली, "सगळं लिहू?"

"सगळं लिही. जर्नल त्यासाठीच आहे."

ती बाजूला झाली आणि मला वाट दिली. मी बस गाठली. मोतीबिंदू आहे, दहा डिसेंबरला काढतील.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

विद्याशाखेच्या बैठकीआधी शेरे उरकले. बैठक तीन तास चालली, विषय: नवीन पडदे.

२ डिसेंबर, सोमवार

तास संपल्यावर बिल्याना मागे थांबली.

"मॅडम, तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"मग काय, चांगलं लिहिलंस. शेऱ्यात लिहिलंय त्याप्रमाणे पुढचं कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. काही मुलींना कौतुक तोंडावर ऐकायचं असतं, कागदावर पुरत नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हळूच काढला असं नाही म्हणता येणार, पण ती वळली आणि हात तसाच राहिला.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

महिन्याने लिहिते आहे. डोळ्याची शस्त्रक्रिया छान झाली. आता डाव्या डोळ्याला सुईचं भोकसुद्धा दिसतं. नाताळात घराबाहेर पडले नाही, पाहुणेही आले नाहीत, स्तामेनने चीज भरलेली बानित्सा भाजली, खालून करपली.

हजेरीत बिल्याना द्रागोएवा नाही. सुट्टीनंतर आलीच नाही. तिची दोन जर्नलं बाकी. यंत्राने तिला माझ्या नावाने आठवण पाठवली आहे: "तुझं लेखन वाचायला मला आवडतं. वाट पाहते." गोड लिहिलंय. मी मंजूर केलं.

२२ जानेवारी, बुधवार

सगळं क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

डीन फेब्रुवारीत राजधानीत, सोफियाला, आमचा प्रयोग मांडणार आहेत. म्हणाले, "एखादं उत्तम जर्नल आणि त्यावरचा शेरा काढून द्या, नाव खोडून." मी सर्वांत जास्त गुणांचं उघडलं. सहापैकी ५.९०. बिल्याना द्रागोएवा, १७ नोव्हेंबर.

"सोमवारी सकाळी सहा नंबरच्या खोलीत त्रेंदाफिल्का आजींना मी इन्शुलिन दिलं. सिरिंज सिस्टरनी भरून दिली होती, डोस बरोबर होता, मी दोनदा पाहिला. सिस्टर म्हणाल्या, त्या नाश्ता खातात का बघ आणि मला येऊन सांग. आजींनी खाल्लं नाही. त्यांना मळमळत होतं. मी ताट ट्रॉलीवर ठेवलं आणि सांगायला निघाले, तेवढ्यात आठ नंबरमध्ये एक आजोबा पलंगावरून पडले. सगळे तिकडे धावले, मीही धावले. मग अंघोळी आल्या, मग चादरी. साडेअकराला आजी उठेनात. घामाने गाउन भिजला होता. मधे शुगर कोणी मोजली नव्हती. बुधवारी पहाटे त्या गेल्या. कागदावर हृदय लिहिलं आहे. सिस्टर दोब्रिन्कांना मी ताटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गप्प बस, ती जाणारच होती. त्याआधीच्या गुरुवारी मी आजींचे केस विंचरले होते. मॅडम, मी काय करू?"

आणि खाली:

"प्रिय बिल्याना, इतकं प्रामाणिक लिहायला धाडस लागतं आणि ते तुझ्यात आहे. भिजलेल्या गाउनचा तपशील मनाला भिडतो. इथे जरा थांब: त्या क्षणी तुझ्या शरीरात काय झालं? 'पुढील कृती' हा भाग मात्र अजून नेमका हवा. प्रश्नाने शेवट करण्यापेक्षा तू काय शिकलीस ते मांड. तुझी, रुम्याना त्साचेवा."

पुढच्या आठवड्याचं उघडलं. "मॅडम, तुम्ही धाडस म्हणालात. म्हणजे मी त्यांच्या मुलीला सांगावं असं तुम्हाला म्हणायचंय का? की नको? तुम्ही म्हणाल ते मी करेन." शेरा: "हा फार मोलाचा प्रश्न आहे. दोन्ही बाजू लिहून पाहा."

आठ डिसेंबरचं पाच ओळींचं. "मला कळलं. तुम्ही वाचलंत आणि तुमचंही म्हणणं तेच आहे की गप्प बसावं. सोमवारी तुमच्याकडे बघून कळलं. मी पुन्हा विचारणार नाही." शेरा: "परिस्थिती स्वीकारण्याची तुझी क्षमता वाढते आहे. लांबी मात्र कमी पडली."

तिन्हींखाली मंजूर. तिन्हींखाली माझं नाव.

२३ जानेवारी, गुरुवार

स्तामेनला सांगितलं. त्याने चांगला कान माझ्याकडे केला होता, म्हणजे ऐकत होता.

"तू वाचलं नव्हतंस," तो म्हणाला.

"शहाण्णव होती."

"हो. पण तिने विचारलं तेव्हा वाचलं म्हणालीस."

"कामाच्या गडबडीत माणूस म्हणतो."

तो उठला आणि चुलीत लाकूड सारलं. परत येऊन बसला नाही, खिडकीशी उभा राहिला.

२७ जानेवारी, सोमवार

आधी स्विलेनकडे गेले. म्हटलं, यंत्राला एवढंही समजत नाही का. त्याने नोंदी काढल्या.

"मॅडम, त्याने खूण केली होती. तिन्ही वेळा. पहिल्या वेळी लिहिलंय, 'याला शेरा पुरेसा नाही, शिक्षिकेने विद्यार्थिनीशी आजच बोलावं.' पण खुणा दिसत नव्हत्या, कारण..." पुढचं त्याने मनात ठेवलं. मग म्हणाला, "शेरा नऊ सेकंद उघडा होता."

त्याने तो कागद छापून दिला नाही. मी मागितलाही नाही.

डीनकडे गेले. त्यांनी दार लावलं.

"बाईंचं वय?"

"एक्क्याऐंशी."

"मृत्यूच्या दाखल्यावर काय आहे?"

"हृदय."

"मग तुम्ही मला काय सांगायला आलात, रुम्याना? एका एकोणीस वर्षांच्या मुलीला वाटतं की तिच्या हातून काहीतरी घडलं. तुम्ही डॉक्टर आहात का? मी आहे. तिच्यामुळे झालं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. झालं नाही असंही नाही. ते तसंच राहू द्या."

"आणि माझं काय?"

"तुमचं?" त्यांना खरंच कळलं नाही. "तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

३० जानेवारी, गुरुवार

मेडिसिनच्या वॉर्डात गेले. दोन वर्षांत पाय ठेवला नव्हता. दोब्रिन्का माझीच विद्यार्थिनी, अठरा वर्षांपूर्वीची. आता केस पांढरे, पायांवर सूज. औषधांची ट्रॉली ढकलत ढकलतच बोलली.

"त्या सोमवारी बेचाळीस पेशंट होते, मॅडम. ड्युटीवर मी आणि ती पोर. मी तिला गप्प बस म्हटलं, हो म्हटलं. तिला वाचवायला म्हटलं आणि मलाही."

"शुगर मोजायला हवी होती, दोब्रिन्का."

"हवी होती." तिने एका आजोबांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या, ग्लास धरला, ते गिळेपर्यंत थांबली. "तुम्ही आम्हाला शिकवायचात तेव्हा दर मंगळवारी इथे यायचात. भिंतीला टेकून उभ्या राहायचात. आम्हाला तुमचा राग यायचा. पण त्या दिवशी कोणी ताट विसरत नसे."

मी म्हटलं, आता विद्यार्थी फार आहेत.

"इथेही," ती म्हणाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

बिल्यानाच्या गावाला गेले. बसने पाऊण तास. ती गावातल्या शिवणाच्या कारखान्यात लागली आहे, इटलीला जाणाऱ्या पँटींना खिसे लावते. शनिवारी अर्धा दिवस असतो. फाटकाशी मला बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बरोबरच्या बाया पुढे गेल्या.

बसथांब्याच्या शेडमध्ये बसलो. शेडच्या भिंतीवर मेलेल्यांच्या स्मरणाचे कागद चिकटवलेले, फोटोसकट: जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, एक वर्ष. तिने त्यांच्याकडे पाठ केली.

मी सांगून टाकलं. शेरे मी लिहिलेले नव्हते. वाचलेही नव्हते. यंत्राने लिहिले, मी बटण दाबलं. वाचलं म्हणाले ते खोटं होतं.

ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे ते कोणीच वाचलं नव्हतं?"

"नाही."

"धाडस लागतं, असं लिहिलं होतं."

"ते यंत्राने."

"मी ते पाठ केलं होतं." ती बोटांना चिकटलेले दोरे काढत होती, एकेक करून. "मग वाटायला लागलं, यांनी सगळं वाचलं आणि गुण देऊन मोकळ्या झाल्या. माणूस मेलं आणि ५.९०. मी हिवाळाभर तुमचा राग केला, मॅडम. सकाळी उठायचे ती तुमच्या रागानेच. आता तोही कोणावर करू?"

मी म्हटलं, माझ्यावरच कर. तिने आणखी एक दोरा ओढून काढला.

मग म्हणाली, "मी गेले होते आजींच्या चाळीसाव्या दिवसाला. स्मशानात. सांगायचं ठरवून गेले होते. त्यांची मुलगी मला ओळखत नव्हती, मी म्हटलं, वॉर्डात होते. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तूच ती, केस विंचरणारी. आई तुझं नाव घ्यायची. आणि आईच्या नावाने वाटायचे ते वाटीभर गोड गहू दिले माझ्या हातात. 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं असतं. मी म्हटलं. आणि खाल्ले."

बस येताना दिसली.

"मी हे वर कळवणार आहे, बिल्याना. आरोग्य निरीक्षकांना. माझी चूक माझ्या नावाने."

"माझं नावही येईल त्यात."

"येईल. पण खरं काय ते..."

"नका कळवू," ती म्हणाली. "मॅडम, मी तुम्हाला नोव्हेंबरात विचारलं होतं. आता नाही विचारत आहे. नका कळवू."

मी बसमध्ये चढले. तिला हात केला. ती अजून दोरे काढत होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नऊ दिवस विचार केला. गप्प बसायला सांगणारे आधीच पुष्कळ झाले आहेत, त्यात मी भर घालणार नाही. मुलगी घाबरली आहे, तिला आत्ता कळणार नाही, पुढे कळेल. चार पानी पत्र लिहिलं, तिन्ही जर्नलं जोडली, स्वतःचा दोष पहिल्याच परिच्छेदात, पिवळ्या खुणांसकट. पोस्टातून बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला.

स्तामेन म्हणाला, "हलकं वाटतंय?"

"हो."

"वाटणारच," तो म्हणाला, आणि कान वळवला.

आजपासून यंत्र बंद. डीनला सांगितलं, मी हाताने तपासणार. ते म्हणाले, चौकशी होईपर्यंत काय हवं ते करा.

१ मार्च, शनिवार

दरवर्षी या दिवशी माझ्या मनगटावर मुलींनी बांधलेले वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे कोपरापर्यंत जायचे. काल वर्गात एकही नाही. पत्राची बातमी पसरली आहे. स्तामेनने सकाळी एक बांधला, गाठ बोटीच्या दोराला मारतात तशी.

११ एप्रिल, शुक्रवार

निकाल आला. दीड पान.

मृत्यूचं कारण आता निश्चित करता येत नाही. वॉर्डात नोंदी अपुऱ्या होत्या. सिस्टर दोब्रिन्का यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. विद्यार्थिनी बि. द्रागोएवा यांनी महत्त्वाची माहिती वेळेवर न दिल्याने नाव पटावरून काढलं आहे, पाच वर्षं कुठल्याही नर्सिंग शाळेत प्रवेश नाही. जर्नलातली कबुली हा पुरावा धरला आहे. शिक्षिका रु. त्साचेवा यांना लेखी समज. त्यांनी स्वतःहून माहिती दिल्याची नोंद घेण्यात येत आहे.

निकालाची एक प्रत मृत बाईंच्या मुलीला.

मी तीन वेळा वाचलं की माझ्यासाठी अजून काही आहे का. नाही.

मेडिसिनच्या वॉर्डात दोब्रिन्काच्या जागी कोणी मिळालेलं नाही. वीस पलंग बंद केले. तिथली माणसं चाळीस किलोमीटरवर पाठवतात.

१६ एप्रिल, बुधवार

दोब्रिन्का बाजारात भेटली, म्हणजे समोरून आली. कांद्याची जुडी हातात. मी थांबले. ती पण थांबली. म्हणाली, "मॅडम, पाय उतरलेत माझे. बघा." खरंच सूज नव्हती. मग बाजूने निघून गेली.

५ मे, सोमवार

बिल्यानाला फोन लावते आहे. आज तिच्या आईने उचलला. मुलगी इटलीला गेली, म्हणाल्या, एका म्हातारीला सांभाळायला. चोवीस तास तिच्याच घरी राहायचं. मी विचारलं, बरी आहे का? त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याच का, पत्र लिहिणाऱ्या?" हो म्हटलं. त्यांनी फोन लगेच ठेवला नाही. कोणीतरी भांडी विसळत असल्याचा आवाज येत होता. मग ठेवला.

तिला काय सांगायचं होतं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. चांगलं लिहिलं होतं.

२८ मे, बुधवार

डीननी बोलावलं. कॉफी नव्हती. टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा अर्ज, त्र्याऐंशी सह्या. माझे शेरे सहा-सहा आठवडे उशिरा येतात, त्रोटक असतात, कधी कधी अक्षर लागत नाही, त्यामुळे परीक्षेचं नुकसान होतं. पहिल्या सत्रातले शेरे वेळेवर यायचे आणि त्यांत जास्त माया होती. पूर्वीची पद्धत परत सुरू करावी.

"मी काय करू, सांगा," डीन म्हणाले. या वेळी ते खरंच विचारत होते.

मी अर्ज परत दिला. म्हटलं, बरोबर आहे त्यांचं.

सप्टेंबरपासून यंत्र पुन्हा सुरू होईल. पिवळ्या खुणा चालू राहतील, असं त्यांनी वचन दिलं. कोण बघणार त्या, हे मी विचारलं नाही. माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे.

२ जून, सोमवार

एप्रिलच्या गठ्ठ्यातली एकोणतीस जर्नलं अजून बाकी आहेत. सकाळी सातला बसले. खिडकीतून ऊन टेबलावर येतं, डोळ्याला चांगलं दिसतं, तक्रारीला जागा नाही.

वर आलेलं जर्नल एका मुलीचं, नाव वाचूनही चेहरा आठवेना. तिने लिहिलं आहे की पलंगाची चादर पेशंट झोपलेला असताना कशी बदलायची ते शिकले, कोपरे कसे दुमडायचे ते शिकले, दुपारी डबा खाल्ला, दिवस चांगला गेला. दीड पान.

वाचलं. काही नव्हतं. पुन्हा वाचलं, दिवस चांगला गेला या ओळीवर थांबले, पुढेमागे पाहिलं. काही नव्हतं. शेरा लिहायला पेन उचललं आणि ठेवलं, आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतलं.